खाली खाज, वास, पांढरं जाणं: पहिल्यांदाच त्रास होतोय तर काय करायचं, पायरी-पायरीने

मैत्रिणींनो, ज्यांना हा त्रास पहिल्यांदाच होतोय आणि नेमकं विचारायचं कुणाला हेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हॉस्टेलवर राहणारी मुलगी असो, नुकतं लग्न झालेली असो, सातवा महिना चालू असलेली असो की पाळी जायला आलेली, योनीचं इन्फेक्शन कुणालाही होऊ शकतं आणि बहुतेक वेळा ते साध्या, स्वस्त औषधाने बरं होतं. घोळ होतो तो औषधाच्या आधीच. लाज वाटते म्हणून सांगत नाही, मग मैत्रिणीने सांगितलेली क्रीम लावतो, मग मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतो, आणि दोन महिन्यांनी जेव्हा डॉक्टरकडे जातो तेव्हा मूळ काय होतं हे ओळखणंही अवघड झालेलं असतं.

गप्प बसायची ही सवय किती खोल आहे बघा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, सरासरी काढली तर एकेका बाईला ३.६ आजार, आणि त्याआधी आयुष्यात कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ही गोष्ट जुनी झाली, आता गावोगावी आशाताई आहेत, फोन आहेत, पण "खाली खाजतंय" हे वाक्य डॉक्टरसमोर बोलताना आजही शहरातल्या शिकलेल्या मुलीची जीभ अडखळते, म्हणून हे सगळं सविस्तर.

सगळ्यात आधी: या गोष्टी असतील तर पुढचं वाचत बसू नका, दवाखान्यात जा

ओटीपोटात दुखतंय आणि सोबत ताप आहे. तुम्ही प्रेग्नंट आहात आणि पाणी किंवा रक्त जातंय. लघवी पूर्ण अडकलीय. खाली फोड आलेत किंवा जखम झालीय. संबंधानंतर रक्त जातं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटलंय आणि परत रक्त दिसलं. लहान मुलीला, म्हणजे अजून पाळी न आलेल्या मुलीला, घाण वासाचा किंवा रक्ताळ स्राव येतोय. आणि कुणी जबरदस्ती केली असेल तर लगेच, शक्यतो ७२ तासांच्या आत, कारण गर्भ राहू नये आणि एचआयव्ही होऊ नये यासाठीची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी कामाची. सरकारी असो वा प्रायव्हेट, कुठल्याही हॉस्पिटलला अशा वेळी मोफत उपचार द्यावेच लागतात, आधी पोलिसात जा मग या असं ते म्हणू शकत नाहीत.

पायरी १: नॉर्मल काय असतं ते ओळखा

ही पायरी सोडू नका, कारण अर्ध्या काळज्या इथेच मिटतात. योनीतून थोडा स्राव रोज येतोच, तो यायलाच हवा. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात, ते लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यामुळे आतलं वातावरण आंबट राहतं, पीएच (आंबटपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५, आणि त्या आंबटपणात त्रासदायक जंतूंना वाढायला जागा मिळत नाही. म्हणजे योनी आपली साफसफाई आपणच करत असते.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर कमी, मग पाळीच्या मधल्या दिवसांत, बीज सुटतं तेव्हा, पातळ, पारदर्शक, बोटात धरला तर तार निघेल असा, आणि नंतर परत घट्टसर पांढरा. चड्डीवर वाळला की पिवळट डाग दिसतो, तो बघून खूप जणी घाबरतात, पण ओला असताना पांढरा किंवा पारदर्शक होता, घाण वास नाही, खाज नाही, आग नाही, तर ते इन्फेक्शन नाही. प्रेग्नन्सीत स्राव वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी थोडा बदलतो, संबंधांच्या वेळी वाढतो. हलका आंबट वासही असतो. काळ्या चड्डीवर कधीकधी ब्लीच झाल्यासारखा फिकट पट्टा पडतो तोही त्या ॲसिडमुळेच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. आपल्याकडे घरोघरी समजूत आहे की अंगावरून पांढरं गेलं की ताकद जाते, हाडं झिजतात, कंबर त्यामुळेच दुखते. स्रावातून ताकद जात नाही. पण जी बाई हे सांगतेय तिला थकवा खरंच असतो, कंबर खरंच दुखत असते, ते उडवून लावू नये. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा आधी हिमोग्लोबिन तपासा. आणि गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला होता त्यात असं दिसलं की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ताणाशी आणि उदासीशी जास्त घट्ट आहे. म्हणजे तपासणीत काहीच निघालं नाही आणि तरी बरं वाटत नसेल तर झोप, घरातलं टेन्शन, सतत रडू येणं हेही डॉक्टरला सांगा, तो विषयांतर नाहीये, तोच विषय असू शकतो.

पायरी २: दोन-तीन दिवसांचं नीट लिहून घ्या

फोनमध्ये लिहा, कागदावर लिहा, पण लिहा, कारण डॉक्टरसमोर बसलं की सगळं विसरायला होतं. स्रावाचा रंग कसा, पातळ की घट्ट, वास कसा आणि कधी जास्त येतो, खाज आहे का, खाज आत आहे की बाहेरच्या ओठांवर की जांघेत, लघवीला आग होते का. शेवटची पाळी कधी आली. गेल्या महिनाभरात घसा, दात, जुलाब कशासाठीही अँटिबायोटिक घेतलं का. शुगर आहे का. तांबी बसवलीय का. नवीन साबण, नवीन पॅड, वॅक्सिंग, हेअर रिमूव्हल क्रीम. संबंध येतात का, कंडोम वापरता का, जोडीदाराला काही त्रास आहे का. आणि आतापर्यंत स्वतःच्या मनाने काय काय लावलं ते पूर्ण, त्या ट्यूबचा फोटोच काढून ठेवा.

लघवीच्या आगीबद्दल थोडं जास्त सांगते कारण इथे फार गोंधळ होतो. उन्हाळी लागली म्हणतो ना आपण, ती म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, त्यात आग आतून, लघवीच्या नळीत होते, सारखी सारखी लागते, थोडी थोडी होते. आणि योनीच्या इन्फेक्शनमध्ये बाहेरची कातडी सोललेली, सुजलेली असते आणि त्यावरून लघवी गेली की चुरचुरतं. दोन्हीची औषधं वेगळी. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी पिऊन उन्हाळीला थोडं बरं वाटेलही, पण यीस्टच्या, म्हणजे योनीतल्या बुरशीच्या खाजेला त्याने काही होणार नाही.

पायरी ३: तीन मुख्य प्रकार, आणि एक तोतया

वयात आलेल्या बायकांमध्ये सगळ्यात कॉमन कारण म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही. यात बाहेरून कुठला एक जंतू आलेला नसतो, आतले चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि बाकीचे जंतू भरमसाट वाढतात. स्राव पातळ, पांढरट-राखाडी, आणि वास मासळीसारखा, जो संबंधांनंतर किंवा पाळीत जास्त जाणवतो. खाज फारशी नसते. वास आला की बाई बिचारी अजून जास्त धुवायला लागते, साबण लावते, आत पाणी मारते, आणि त्यानेच उरलेसुरले चांगले जंतू वाहून जातात. अस्वच्छ राहिल्याने बीव्ही होतं असं अजिबात नाही, उलट आतून धुण्याच्या सवयीने धोका वाढतो.

दुसरं यीस्ट, म्हणजे कँडिडा नावाची बुरशी. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं असं डॉक्टरांच्या पुस्तकांत असतं. इथे मुख्य त्रास खाजेचा, इतकी की रात्री झोप लागत नाही, बाहेरचा भाग लाल, सुजलेला, कधी बारीक चिरा पडलेल्या, स्राव दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा, पण कधीकधी स्राव जवळपास नसतोही, नुसती खाज आणि आग. घाण वास नसतो. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, प्रेग्नन्सीत, शुगर वाढलेली असताना, स्टेरॉइड चालू असताना हे जास्त होतं. आणि ही गोष्ट घरातल्या काकू-मावशींना जरूर सांगा: डायबिटीसच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे खाली यीस्ट व्हायचं प्रमाण वाढतं. शुगरची गोळी बदलली आणि महिनाभरात खाज सुरू झाली असं असेल तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला कळायला हव्यात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तिसरं ट्रायकोमोनास, बोलताना ट्रिक म्हणतात. हा एक सूक्ष्म परजीवी आहे आणि तो संबंधांतून पसरतो. पिवळट-हिरवट, फेसाळ स्राव, वास, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं. पण खूप जणींना काहीच लक्षण नसतं आणि पुरुषांना तर बहुतेक वेळा नसतंच. म्हणून नवऱ्याला काही होत नाही म्हणजे त्याच्याकडे नाही असं धरून चालू नका. आणि दुसऱ्या बाजूनेही सांगते, हे शरीरात महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतं, त्यामुळे रिपोर्ट आला की लगेच "कुणाकडून आणलंस" म्हणत एकमेकांवर तुटून पडायची गरज नाही, आधी दोघांनी औषध घ्यायचं.

आता तो तोतया. जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, गोल चट्टा, कड उठलेली आणि लाल, खाज प्रचंड, तो गजकर्ण किंवा नायटा. योनीशी त्याचा संबंध नाही, ते कातडीचं फंगल इन्फेक्शन आहे, औषधाचा कोर्स लांब असतो आणि घरातल्या बाकीच्यांनाही होऊ शकतं. योनीत ठेवायच्या गोळीने नायटा जात नाही. याशिवाय गोनोरिया, क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांमुळेही स्राव येतो, ते गर्भाशयाच्या तोंडाशी असतं आणि नळ्यांपर्यंत गेलं तर पुढे मूल राहायला अडचण येते, ते नुसतं बघून कळत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की चला, कळलं आपल्याला कुठलं आहे. थांबा. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास छापून आला होता, ज्या बायका स्वतःच दुकानातून यीस्टचं औषध विकत घ्यायला आल्या त्यांची तपासणी केली, तर खरंच फक्त यीस्ट असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. बाकीच्यांना बीव्ही होतं, मिश्र इन्फेक्शन होतं, काहींना तर काहीच नव्हतं. लक्षणं माहीत असायलाच हवीत, पण ती डॉक्टरला नीट सांगता यावीत म्हणून. पहिल्या वेळेला तरी तपासणी हवीच.

पायरी ४: दवाखान्यात जाईपर्यंत काय करायचं नाही

आत काहीही घालायचं नाही. दही, लसूण, कडुनिंबाचं पाणी, व्हिनेगर, टी ट्री ऑइल, बेकिंग सोडा, अँटिसेप्टिक लिक्विड, काहीही. दही पोटात जाऊ दे, ते चांगलंच आहे, पण आत लावून यीस्ट बरं होतं याला भक्कम आधार नाही आणि अँटिसेप्टिकने तर आतली नाजूक त्वचा भाजते. इंटिमेट वॉशच्या जाहिराती बघून वाटतं की तो रोजच्या आंघोळीचा भाग असायला हवा, नाहीये. बाहेरचा भाग साध्या कोमट पाण्याने धुतला तरी पुरे, आत जेट स्प्रे मारायचा नाही. सुगंधी पॅड, परफ्युम, टाल्कम पावडर, सगळं बंद.

मेडिकलमधून ट्यूब आणायची नाही. हे जरा जोर देऊन सांगते. खाज म्हटलं की काउंटरवरून जी ट्यूब मिळते तिच्यात खूपदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, बाई खूश, ट्यूब संपली की दुप्पट खाज, परत ट्यूब. कातडी पातळ होते, नायटा पसरतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मिळतात हे आपल्याला सगळ्यांना माहितीय. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय खाली लावू नका. तसंच फ्लुकोनॅझोल, अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल या तिघांचं एकत्र किट काही दुकानदार सर्रास हातात ठेवतात, अंदाजाने तेही घेऊ नका, प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर अजिबातच नाही.

करायचं काय मग? सैल, सुती, कोरडे कपडे. थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने शेक दिला तर खाजेला आराम पडतो. संबंध थांबवा. जायच्या आदल्या दिवशी आत काही घालू नका, धुवू नका, नाहीतर तपासणीत नीट काही दिसत नाही. पाळी चालू असेल आणि त्रास सहन होण्यासारखा असेल तर पाळी संपल्यावर जा.

पायरी ५: कुठे जायचं

पैसे असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फुकटात काय मिळतं ते फार कमी जणींना माहितीय. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, मेडिकल कॉलेजला आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं, तिथे अशा इन्फेक्शनची तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत. लक्षणं बघून रंगांचे किट देतात, योनीच्या इन्फेक्शनसाठी हिरवं किट, त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं, ओटीपोटाच्या इन्फेक्शनसाठी पिवळं. क्लिनिकचं नाव एड्सशी जोडलेलं आहे म्हणून कुणी बघेल अशी भीती वाटून परत फिरू नका. तुमच्या जवळ कुठे आहे ते १०९७ या टोल फ्री नंबरला विचारता येतं, मराठीतही बोलतात.

गावात असाल तर आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला सांगा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत येतात. दहावी-बारावीच्या, कॉलेजच्या मुलींसाठी, म्हणजे १० ते १९ वयाच्या, सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतात.

पायरी ६: तपासणीत नक्की काय होतं

भीती याचीच असते, म्हणून सांगून टाकते. आधी प्रश्न विचारतील. "लग्न झालंय का" हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, डॉक्टरला जाणून घ्यायचं असतं ते हे की संबंध आलेत का. लग्न झालेलं नाही पण संबंध आलेत तर तसं स्पष्ट सांगा, सोबत आई असेल तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" म्हणा, डॉक्टर आईला बाहेर बसवतील. संबंध कधीच आलेले नसतील तर तेही सांगा, मग सहसा आतून तपासत नाहीत, बाहेरून बघून आणि बारीक कापसाच्या काडीने नमुना घेऊन काम होतं.

टेबलवर पाय दुमडून झोपायचं. स्पेक्युलम नावाचं दोन पात्यांचं उपकरण आत सरकवून थोडं उघडतात, म्हणजे आतली भिंत आणि गर्भाशयाचं तोंड दिसतं. दोन-तीन मिनिटांचं काम, दुखत नाही पण अवघडल्यासारखं होतं, कंबर टेबलला टेकलेली ठेवा आणि तोंडाने लांब श्वास सोडा, स्नायू सैल पडतात. दुखलं तर थांबा म्हणा. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स हवीच, नसेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. स्रावाचा पीएच कागदाने बघतात, स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघतात, बीव्ही असेल तर केओएच नावाच्या रसायनाचा थेंब टाकल्यावर मासळीचा वास येतो. वयाने तिशीच्या पुढे असाल तर याच भेटीत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीही करा म्हणा, ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी सरकारी केंद्रांत व्हीआयए तपासणी मोफत आहे, ॲसिटिक ॲसिड लावून बघतात.

पायरी ७: औषध आणि ते घ्यायची पद्धत

डोस तुमचा डॉक्टर ठरवेल, पण चिठ्ठी वाचता यावी म्हणून सांगते. बीव्हीला साधारणपणे मेट्रोनिडॅझोल ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस, किंवा क्लिंडामायसिनची आत लावायची क्रीम. यीस्टला क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, किंवा तोंडाने फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी. प्रेग्नंट असाल तर फ्लुकोनॅझोल तोंडाने घेत नाहीत, आत ठेवायची गोळीच ७ दिवस देतात. ट्रिकला बाईला मेट्रोनिडॅझोलचा ७ दिवसांचा कोर्स आणि जोडीदारालाही औषध, दोघांचं पूर्ण होऊन आठवडा होईपर्यंत संबंध नाहीत, आणि तीन महिन्यांनी परत तपासणी.

मेट्रोनिडॅझोल जेवणानंतर घ्या, तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, मळमळतं, तरी कोर्स अर्धवट सोडू नका. तिसऱ्या दिवशी वास गेला की गोळ्या डब्यात ठेवून द्यायची सवय फार, आणि मग तेच परत येतं.

आत ठेवायची गोळी पहिल्यांदा वापरताना सगळ्या गोंधळतात. रात्री झोपताना, हात धुऊन, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, गोळी किंचित ओली करून मधल्या बोटाने किंवा सोबत मिळणाऱ्या ॲप्लिकेटरने जितकी सहज आत जाईल तितकी सरकवायची, जोर नाही लावायचा. ती आत हरवत नाही, पुढे रस्ता बंद आहे. सकाळी पांढरा चुरा किंवा पाणी बाहेर येतं, ती विरघळलेली गोळीच असते, इन्फेक्शन वाढलं म्हणून घाबरू नका, पॅन्टीलायनर लावा. पाळी तोंडावर आली असेल तर गोळी लिहून देतानाच सांगा. प्रेग्नन्सीत ॲप्लिकेटर वापरू नका, बोटाने ठेवा. आणि ही माहिती सहसा कुणी देत नाही: क्लिंडामायसिनची क्रीम आणि तेलकट बेसची योनीतली औषधं रबराचा कंडोम कमकुवत करतात, त्यामुळे त्या दिवसांत, आणि क्लिंडामायसिननंतर अजून काही दिवस, कंडोमच्या भरवशावर राहू नका.

पायरी ८: रोजच्या सवयी, थोडक्यात

शी झाल्यावर धुताना, पुसताना पुढून मागे. पॅड ४ ते ६ तासांनी बदलायचं, डाग कमी असला तरी. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरत असाल तर १२ तासांच्या आत रिकामा करायचा आणि पाळी संपल्यावर उकळून ठेवायचा. कापड वापरत असाल तर हरकत नाही, पण ते धुऊन उन्हात वाळलं पाहिजे. आपल्याकडे चड्ड्या आणि पाळीची कापडं टॉवेलखाली, पेटीकोटखाली, मोरीतल्या दोरीवर लपवून वाळत घालतात, पावसाळ्यात ती दमटच राहतात आणि तशीच घातली जातात. खुशाल उन्हात घाला, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. भिजून ऑफिसला पोचलात तर बदलायला एक कोरडी जोडी बॅगेत असू द्या. रात्री चड्डी न घालता झोपलात तरी चालतं.

पायरी ९: परत परत होत असेल तर

वर्षात तीन किंवा जास्त वेळा यीस्ट झालं तर त्याला वारंवार होणारं यीस्ट म्हणतात आणि त्याचा इलाज वेगळा असतो. आधी शुगर तपासा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा, स्रावाचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) मागा कारण यीस्टच्या काही जाती फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. मग बहुतेक वेळा सुरुवातीचा मोठा डोस आणि पुढे ६ महिने आठवड्याला एक गोळी असं चालतं. जोडीदाराला स्वतःला खाज किंवा लाली नसेल तर यीस्टसाठी त्याला औषध लागत नाही.

बीव्ही परत येण्याचं प्रमाण तर फारच जास्त, औषध घेतलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना वर्षाच्या आत परत होतं. इतकी वर्षं सांगितलं जायचं की यात नवऱ्याला औषध द्यायची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यात १६४ जोडपी होती, फक्त बायकांना औषध दिलं त्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना परत झालं, आणि जिथे पुरुषांनाही आठवडाभर गोळी आणि लावायची क्रीम दिली तिथे ३५ टक्के. फरक मोठा आहे. म्हणून एकाच जोडीदाराबरोबर राहत असताना बीव्ही वारंवार होत असेल तर डॉक्टरला सरळ विचारा की माझ्या नवऱ्यालाही औषध द्यायचं का. घरी सांगताना "तुझ्यामुळे झालं" असं म्हणण्यापेक्षा "दोघांनी घेतलं तर परत होण्याची शक्यता कमी होते" असं म्हटलं तर तो ऐकायची शक्यता जास्त.

आणि पाळी गेलेल्या बायकांनी एक लक्षात ठेवा. तुमची खाज, कोरडेपणा, आग ही खूपदा इन्फेक्शनची नसतेच, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झाल्याने आतली त्वचा पातळ झालेली असते, आणि त्यावर यीस्टच्या क्रीमच्या कितीही ट्यूबा लावल्या तरी उपयोग होत नाही. त्यासाठी आत लावायची इस्ट्रोजेनची क्रीम मिळते, डॉक्टरकडूनच घ्यायची, स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं. तिचा पूर्ण फरक पडायला काही आठवडे जातात, तेवढे दिवस मध्येच सोडू नका.